थरथरणारी मोटार आणि सहा किलोचं लोखंड

आजचा भाग यंत्रांचा आहे, पण घाबरू नका. हातात फोन आणि डोक्यात शाळेतलं वर्गमूळ, एवढं असलं तरी पुरे. विषय आहे ट्यून्ड व्हायब्रेशन अ‍ॅब्सॉर्बर. मराठीत आपण त्याला कंपनशोषक म्हणू. एखादं यंत्र एका ठरावीक वेगानं चालताना जोरात थरथरत असेल, तर त्याच्यावर एक छोटं वजन पट्टीवर किंवा स्प्रिंगवर असं बसवायचं की थरथर त्या वजनात जाते आणि मोठं यंत्र शांत होतं. ऐकायला जादू वाटते, पण हिशोब अगदी वहीच्या एका पानाचा आहे. तोच आज करूया.

मी बी.टेक. केलंय आणि पोटापाण्यासाठी कोड लिहितो. घर शिरोळचं. जे आपल्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेचा तालुका. पंचगंगा इथं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पाणी भरपूर, ऊस भरपूर, आणि पूरही भरपूर. २००५, २०१९, २०२१ ही सालं इथल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो तारखेसकट सांगेल कुणाच्या घरात पाणी कुठवर आलं होतं.

नदीकाठी ज्यांच्या मोटारी आहेत, त्यांची दरवर्षीची एक ठरलेली कसरत असते. पाणी चढायला लागलं की मोटार खोला, वर ओढा, पाणी उतरलं की परत बसवा. एखाद्या रात्री वेळ चुकली की मोटार पाण्यात, आणि मग ती भरून आणायचा खर्च. म्हणून आमच्या काठावर सात घरांनी मिळून मोटारीला लोखंडी स्टँड केला. चार पाय, वर चॅनेलची चौकट, त्यावर १० एचपीचा मोनोब्लॉक पंप. महापुरात हा स्टँडही बुडतो, तिथं कुणाचंच काही चालत नाही. पण जून-जुलैच्या नेहमीच्या चढउतारात मोटार कोरडी राहते. फार उंचही नेता येत नाही. पंप पाणी वर ओढतो म्हणजे खरं तर हवेचा दाब ते ढकलत असतो, आणि हवेला १० मीटरच्या पुढं ढकलता येत नाही. प्रत्यक्षात सक्शन सहा-सात मीटरच्या आतच ठेवावं लागतं.

स्टँड झाला आणि नवीन दुखणं सुरू झालं. मोटार जमिनीवर होती तेव्हा गप्प चालायची. वर चढली आणि सगळा सांगाडा आडवा थरथरायला लागला. बोल्ट ढिले व्हायचे, सक्शनच्या जोडातनं हवा घ्यायची, एका हंगामात दोनदा बेअरिंग गेलं. दिवसाला आठ तास वीज मिळाली आणि त्यातला अर्धा वेळ पाना घेऊन बसण्यात गेला, तर उसाला पाणी कधी द्यायचं? सात घरांची बैठक बसली. कुणी म्हणालं आडव्या-तिरक्या अँगल मारा, कुणी म्हणालं काँक्रीटचे खांब करा. काकांनी मला फोन केला, "तू इंजिनिअर हाईस न्हवं, बघ की जरा."

आता बघायचं म्हणजे काय बघायचं? थरथरीला नेहमी दोन बाजू असतात. एक, धक्का कोण देतंय. दुसरी, तो धक्का मोठा कोण करतंय.

धक्का देणारा सापडणं सोपं असतं. फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असलं की दर फेरीला एक धक्का बसतो. आमच्या इंपेलरच्या पात्यात प्लास्टिकचा गोळा अडकला होता आणि एक पातं झिजलं होतं. समजा मध्यापासून १०० मिमीवर फक्त २० ग्रॅम वजन जास्त आहे. मोटार १,४४० आरपीएमनं फिरते, म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या, २४ हर्ट्झ. त्या वेगाला हे २० ग्रॅम साधारण ४५ न्यूटनचा जोर लावतात. म्हणजे कुणीतरी साडेचार किलोचा धक्का सेकंदाला २४ वेळा देतंय. इंपेलर साफ केला, बोल्ट आवळले, पाइपला वेगळा आधार दिला. थरथर कमी झाली, पण गेली नाही.

मग दुसरी बाजू. नागपंचमीच्या झोक्याला आपण जोर किती लावतो यापेक्षा कधी लावतो याला महत्त्व असतं. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत लहान पोरगं जरी ढकलत राहिलं तरी झोका फांदीला लागतो. प्रत्येक सांगाड्याला अशी लय असते, तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. बाहेरचा धक्का त्याच लयीत आला की अनुनाद, म्हणजे रेझोनन्स. मोटार जमिनीवर होती तेव्हा खालचा पाया ताठ होता, लय खूप वरची होती. उंच स्टँडनं तीच लय खाली आणली. पण नेमकी कुठं आणली?

इथं फोन कामाला आला. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर आहे, तोच जो स्क्रीन आडवी-उभी करतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप केलंय. त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती हालचाल आहे त्याची रेघ. फोन स्टँडच्या चौकटीला घट्ट बांधला, मोटार बंद ठेवली आणि लाकडी हातोड्यानं आडवा ठोका दिला. रेघ २३.४ हर्ट्झला उभी राहिली. मग मोटार चालू केली. रेघ २४ ला. झालं, चोर सापडला. स्टँडची लय आणि मोटारीचा वेग यांच्यात जेमतेम अर्ध्या हर्ट्झचं अंतर होतं.

एक टीप. नोंद किमान १० सेकंदांची घ्या. १० सेकंदांच्या नोंदीत स्पेक्ट्रमची पायरी ०.१ हर्ट्झची मिळते. दोन सेकंदांत अर्ध्या हर्ट्झची, आणि मग २३.४ आणि २४ मध्ये फरकच दिसत नाही.

आता उपाय. सरळ उपाय म्हणजे स्टँड ताठ करणं. लय ताठपणाच्या वर्गमुळानं वाढते. २३.४ वरनं ३१ वर न्यायची तर ताठपणा पावणेदोनपट हवा. तिरक्या अँगल मारून ते सहज होतं, आणि तुमची जागा कोरडी असेल तर तेच करा, पुढचा भाग ऐकायचीही गरज नाही. पण आमचा स्टँड नदीत उभा. पुराबरोबर जलपर्णी येते, फांद्या येतात, उसाचा पाला येतो. चार सुटे पाय असले तर ते सगळं मधून निघून जातं. तिरक्या अँगलच्या जाळीत ते अडकलं की स्टँडचं धरण होतं, आणि पाण्याचा रेटा सगळं आडवं करतो. काँक्रीटचा खर्च सात घरांना त्या वर्षी झेपणारा नव्हता. मोटारीचा वेग बदलावा तर पाणी कमी पडतं. मग उरला कंपनशोषक.

ही कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. हेर्मान फ्राम नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९०९ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९२८ मध्ये ऑर्मंड्रॉइड आणि डेन हार्टोग यांनी तिचं गणित नीट मांडलं. हा डेन हार्टोग मूळचा विद्युत अभियंता, पुढं यांत्रिक कंपनांवरचं त्याचं पुस्तक जगभर शिकवलं गेलं. त्यामुळं कोडवाल्यानं लोखंडात डोकं घातलं म्हणून हसू नका, शाखा ओलांडायची परंपरा जुनी आहे. तैवानच्या तैपेई १०१ या ५०८ मीटर उंच इमारतीत वरच्या मजल्यांमध्ये ६६० टनांचा गोळा टांगलाय, तोही याच कुळातला.

आणि लांब कशाला जायचं, उसाच्या फडावरनं जाणाऱ्या हायटेन्शन तारा बघा. टॉवरजवळ तारेला छोटे डंबेलसारखे तुकडे लोंबकळत असतात. त्यांना स्टॉकब्रिज डँपर म्हणतात. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वीज कंपनीतल्या जॉर्ज स्टॉकब्रिज या अभियंत्यानं ते काढले. मंद, एकसारख्या वाऱ्यानं तार बारीक थरथरते आणि टेकूपाशी थकून तुटू शकते. डंबेल ती थरथर स्वतःवर घेतात.

हे चालतं कसं? कंपनशोषकाची स्वतःची लय आपण मोटारीच्या वेगाइतकीच ठेवतो. त्यामुळं स्टँड जरासा हलला की वजन त्याच लयीत जोरात डोलायला लागतं, आणि डोलताना आपल्या पट्टीतून स्टँडला उलटा जोर देतं. मोटार डावीकडं ढकलते त्या क्षणी वजनाची पट्टी उजवीकडं ढकलते. दोन्ही जोर सारखे झाले की स्टँडच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणजे धक्का संपत नाही. त्याला उत्तर देणारा एक जण सापडतो.

चला, वही काढा.

पहिला आकडा, वजन. मोटार, पंप आणि वरची चौकट मिळून हलणारं वजन साधारण १२० किलो. त्याच्या ५ टक्के म्हणजे ६ किलोचा शोषक धरला. कमी वजन घेतलं तर तो फारच नाजूक होतो, वेग जरा सरकला की काम संपलं. जास्त घेतलं तर स्टँडवर उगाच बोजा.

दुसरा आकडा, ताठपणा. नियम असा की लय म्हणजे ताठपणा भागिले वजन, त्याचं वर्गमूळ, भागिले २ पाय. उलटं सोडवा. २४ ला २ पायनं गुणलं की १५०.८. त्याचा वर्ग सुमारे २२,७४०. गुणिले ६ किलो. उत्तर येतं मीटरला १,३६,४०० न्यूटन, म्हणजे मिलिमीटरला १३६ न्यूटन. सोप्या भाषेत, टोक १ मिमी वाकवायला साधारण १४ किलोचा जोर लागला पाहिजे.

तिसरा आकडा, पट्टीची लांबी. ५० मिमी रुंद, १० मिमी जाड साधी लोखंडी पट्टी घेतली. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पोलादाचा लवचीकता गुणांक २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला की लांबी येते २६४ मिमी. जाडीही घनानंच मोजली जाते. १० ऐवजी १२ मिमीची पट्टी उचलली तर ताठपणा १.७३ पट होतो. म्हणून दुकानातनं आणलेली पट्टी आधी व्हर्नियरनं मोजा, मग हिशोब करा.

चौथा आकडा, पट्टी टिकेल का? वजन किती डोलेल तर ४५ भागिले १३६, म्हणजे दोन्ही बाजूंना ०.३३ मिमी. पट्टीच्या मुळाशी त्यामुळं येणारा ताण साधारण १४ न्यूटन प्रति चौरस मिमी. लोखंडासाठी हे किरकोळ. पण आवर्तनं मोजा. आठ तासांत ६,९१,२०० वेळा वाकणं. पंधरवड्यात एक कोटी. इतक्या वेळा वाकणाऱ्या पट्टीत कुठंही भेग किंवा वेल्डिंगचा जळका भाग नको. म्हणून पट्टीच्या मुळाशी वेल्डिंग केलं नाही, दोन जाड प्लेटांमध्ये बोल्टनं आवळली. वजनाला एक छोटी साखळीही लावली. बोल्ट सुटलाच तर सहा किलोचं लोखंड कुणाच्या डोक्यावर पडायला नको.

दिशा महत्त्वाची. स्टँड आडवा थरथरतो, म्हणून पट्टी चौकटीवर उभी केली, तिची सपाट बाजू थरथरीकडं. पट्टी ज्या दिशेला वाकते त्याच दिशेचं कंपन ती खाते.

आता ट्यूनिंग. कागदावरचे २६४ मिमी हा फक्त पत्ता आहे, घर शोधावं लागतं. पकड कितीही आवळा, ती थोडी लवतेच, त्यामुळं पट्टी असते त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते. म्हणून पट्टीला लांबट खाच पाडली आणि वजन वर-खाली सरकेल असं ठेवलं. लांबी १ टक्का, म्हणजे अडीच मिमी कमी केली की लय दीड टक्का वाढते. जयसिंगपूरच्या एका वर्कशॉपमध्ये बेंच वाईसला पट्टी धरून वजनाला टिचकी मारली आणि फोननं मोजलं.

इथं एक गंमत आहे. फोन वजनावर बांधला की फोनचे २०० ग्रॅम शोषकाचाच भाग होतात. सव्वासहा किलोत २०० ग्रॅम म्हणजे ३ टक्के, आणि लय दीड टक्क्यानं खाली. म्हणून फोनसकट २३.६ हर्ट्झ आलं पाहिजे. फोन काढला की ते २४ होतं. मोजणारं साधन मोजमापात ढवळाढवळ करतं, हे कोडवाल्यांना काही नवीन नाही.

शेवटचं ट्यूनिंग स्टँडवरच. फोन आता चौकटीवर. मोटार बंद करायची, मेन स्विच खाली, वजन दोन मिमी सरकवायचं, आवळायचं, चालू करायचं, रेघ बघायची. चौथ्या-पाचव्या खेपेला २४ ची रेघ आधीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर आली. चौकटीवर पाण्याचा तांब्या ठेवला, तो जागचा हलला नाही.

आबा मात्र पटवून घेईनात. आबा म्हणजे सात घरांतले सगळ्यात जुने. म्हणाले, "वर सहा किलो चढवलं म्हणून दबलंय ते. दगड ठेवला असता तरी झालं असतं." प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर बोलून देण्यापेक्षा दाखवणं बरं. मोटार बंद केली, वजन आणि चौकट यांच्यात लाकडी पाचर ठोकली. वजन तेच, जागा तीच, फक्त डोलायची मुभा गेली. मोटार चालू केली आणि थरथर परत आली. आधीपेक्षा थोडी कमी, पण हाताला लगेच कळेल एवढी. पाचर काढली, शांत. आबांनी स्वतःच्या हातानं दोनदा करून बघितलं आणि मग म्हणाले, "म्हंजे त्याला मोकळं सोडल्यावरच ते काम करतंय." यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

आता याची किंमतही ऐका. शोषक लावला की एका लयीच्या दोन होतात. आमच्या हिशोबात एक २१ हर्ट्झच्या आसपास, दुसरी साडेसव्वीसच्या. आरपीएममध्ये सांगायचं तर साधारण १,२७० आणि १,५९०. मोटार या दोघांच्या मधल्या दरीत चालते. ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटार १,५०० च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळं वरची लय आपोआप टळते. खालची लय सुरू होताना झपकन ओलांडली जाते. बंद करताना वेग सावकाश उतरतो, तेव्हा एखादा सेकंद थरथर होते. ती चालते.

आमच्या जागेला हा उपाय का बसला, त्याचं अजून एक कारण. नदीकाठची माती भिजली की मऊ, वाळली की टणक. त्यामुळं स्टँडची लय वर्षभर थोडी इकडं-तिकडं सरकणार. पण शोषक स्टँडशी नाही, मोटारीच्या वेगाशी जुळवलाय. आणि मोटारीचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला, जी ग्रिडवर ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. व्होल्टेज पडलं तर वेग एखादा टक्का उतरतो, तेवढं हा सहा किलोचा गडी सांभाळून घेतो.

आणि म्हणूनच तो सगळीकडं चालत नाही. सौर पंपाचा कंट्रोलर उन्हाप्रमाणं मोटारीचा वेग बदलत राहतो. तिथं असा शोषक बसवला तर सकाळी एका लयीत अडकेल, दुपारी दरीत येईल, संध्याकाळी पुन्हा अडकेल. म्हणजे नवीन दुखणं विकत घेतल्यासारखं. तिथं स्टँड ताठ करणं किंवा कंट्रोलरमध्ये तो वेग टाळणं हाच रस्ता. इचलकरंजीतल्या मित्रांनी विचारलंय, मागाला लावता येईल का? मिनिटाला दीडशे पिक धरले तर मुख्य धक्का अडीच हर्ट्झचा. एवढ्या मंद लयीचा शोषक स्प्रिंगवर उभा ठेवला तर तो स्वतःच्या वजनानंच ४० मिमी खाली बसेल. आमच्या २४ हर्ट्झला हाच आकडा अर्धा मिमीसुद्धा नाही. शिवाय मागाचा धक्का साधा, गुळगुळीत नसतो, त्यात बऱ्याच लयी मिसळलेल्या असतात. तिथं जमिनीशी पकड आणि खालचं पॅड बघा.

आणि बेअरिंग खराब असेल, शाफ्ट वाकलेला असेल, बोल्ट ढिला असेल, तर आधी ते दुरुस्त करा. शोषक हा आजार झाकायचा उपाय नाही. धक्का कमीत कमी करून झाल्यावर जो अनुनाद उरतो, त्याच्यासाठी तो आहे.

तर गृहपाठ. घरातलं थरथरणारं एक यंत्र निवडा. मिक्सर नको, वॉशिंग मशीन किंवा पाण्याची मोटार घ्या. फोन त्यावर घट्ट ठेवा, १० सेकंद नोंद घ्या आणि सगळ्यात उंच रेघ किती हर्ट्झला आहे ते बघा. त्याला ६० नं गुणा आणि मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या आरपीएमशी ताडून बघा. मग यंत्र बंद करून ठोका द्या आणि दुसरा आकडा काढा. दोन्ही आकडे जवळ आले की समजा, लोखंड वाढवायच्या आधी विचार करायला जागा आहे. आकडे मला पाठवा, यंत्राचं नाव आणि वेग लिहायला विसरू नका.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि पाऊस वाढला की मोटारी वेळेत वर घ्या.